उगवतीकडचे दगड

१

नऊ पट्टे होते. नवांपैकी एकातही थोलाचं झुडूप उरलं नव्हतं.

सेनोबिया दगडी भिंतीपाशी उभी राहिली, तेव्हा तिला आधी वाटलं की आपण चुकून भलत्याच शेतात आलो. सहा वर्षं इथं कमरेइतकी झुडपं उभी होती. डिंकानं चिकट, काळसर हिरवी, वारा आला की लामांच्या कळपासारखी एकदम पाठ फिरवणारी. आता किन्वा या धान्याच्या कोवळ्या ओळींच्या मधोमध नुसती भोकं होती. एखाद्या म्हाताऱ्या तोंडातले सगळे दात कुणी एका दिवसात काढून न्यावेत, तसं ते रान दिसत होतं.

नोएमी पहिल्या पट्ट्यात उकिडवी बसली होती. मांडीवर वही उघडी होती आणि वाऱ्यानं तिची पानं फडफडत होती.

"इंजिनियरबाई, उठ," सेनोबिया म्हणाली. "जमीन गार आहे."

"माय, अजून तीन आठवड्यांत मोजणी होती. शेवटची."

सेनोबियाला ते माहीत होतं. चियारपाताच्या त्रेचाळीस घरांपैकी प्रत्येकाला माहीत होतं. सहा वर्षांपूर्वी ही मुलगी शहरातून आली आणि सभेपुढं म्हणाली, 'किन्वासाठी सगळं रान नांगरू नका. दोन शेतांमध्ये थोलाचा एक पट्टा राखा. त्याच्या फुलांवर एक बारकी काळी माशी जगते, ती किन्वावरच्या अळीच्या पोटात अंडं घालून तिला मारते. वाराही अडतो, माती राहते, फवारणीचं औषध निम्मं लागतं.' सभेनं कोकाची पानं चघळत ऐकलं आणि ठरवलं: सहा वर्षं करून दाखव. मोजून दाखव. मग वीलापांपाचं बघू. वीलापांपा म्हणजे गावाच्या मालकीचं, थोलानं भरलेलं शेवटचं माळरान; निकाल लागेपर्यंत तिथलं झुडूपही कुणी तोडायचं नव्हतं. येत्या रविवारी सभा होती. आज बुधवार.

"तू कधी आलीस?"

"काल. रस्ता मोकळा झाला आणि पहिल्याच गाडीनं आले. मेलेल्यांच्या सणाला घरी गेले होते, तिकडंच अडकले." नोएमीनं नाक पुसलं. "दहा दिवस, माय. दहा दिवस मी नव्हते."

सेनोबिया आत शिरली. या वर्षी तिचा नवरा सेव्हेरो गावाचा जिलाकाता, वर्षभराचा मुखिया होता, म्हणजे निवाडा त्याचा आणि तिचा. ही गादी जोडप्याची असते. एकट्यानं केलेला न्याय अर्धा. म्हणून या एका वर्षात तिच्याहून वीस वर्षांनी मोठ्या बायकाही तिला 'माय' म्हणत, आणि तिच्या खांद्यावरून विणलेला चाबूक लोंबत असे. तो तिनं अजून कुणावर उगारला नव्हता.

ती हळूहळू नऊ पट्टे फिरली. काही ठिकाणी झुडूप कुदळीनं मुळासकट उपटलं होतं. काही ठिकाणी विळ्यानं कापलं होतं. एका जागी तर कुऱ्हाडीचे वार दिसत होते, ओबडधोबड. आणि थोलाच्या शेजारचं दुसरं झुडूप, पोटदुखीला उकळतात ते, जळलं तर नुसता धूर ओकणारं, ते सगळं जागच्या जागी होतं. त्याच्या एका फांदीलाही कुणी हात लावला नव्हता.

भिंतीत आत येण्यापुरती फट केली होती. काढलेले दगड फेकले नव्हते. एकावर एक, नीट, एका बाजूला रचले होते. सगळ्यांत वरच्या दगडावर एका खड्याखाली कोकाची तीन पानं होती. अखंड, न चिरलेली, निवडून काढलेली.

"धरणीमातेची परवानगी मागून गेला," नोएमी कडवटपणे म्हणाली. "मोठा रीतीचा चोर आहे तुमचा."

सेनोबियानं खडा उचलला. पानं वाऱ्यानं थरथरली. का कुणास ठाऊक, तिनं खडा पुन्हा जागेवर ठेवला.

पायाशी पत्र्याचा एक तुकडा पडला होता. मासळीच्या डब्याचं झाकण, त्यावर पट्ट्याचा नंबर, लाल रंगानं वाकडा 'एक'. तिच्या लेकानं, रुबेननं रंगवलेला, सोळा वर्षांचा असताना. तिनं तो उचलून शालीत घेतला.

"रविवारपर्यंत मी शोधते," ती म्हणाली. "कुणी केलं ते कळलं तर सभेकडं मुदत मागता येईल. विळ्यानं कापलेलं फुटतं ना परत?"

"फुटतं. तीन-चार वर्षं कुणी हात लावला नाही तर."

"मग मुदत मागू," सेनोबिया म्हणाली.

२

पहिलं नाव सगळ्यांच्याच तोंडी होतं, म्हणून ती आधी हिलारियोनकडं गेली. गावातला एकमेव ट्रॅक्टर त्याचा. 'झुडपं राखून कुणाचं पोट भरलंय?' हे तो गेली सहा वर्षं प्रत्येक सभेत म्हणत आला होता.

तो छपराखाली उलट्या बादलीवर बसून नांगराचे फाळ घासत होता.

"या माय, या! बसा. मला बांधून न्यायला आलात की जेवायला?"

"तुझ्या घरचं जेवण मला पचत नाही, हिलारियोन."

तो हसला, पण लगेच त्याची नजर खाली गेली. मागच्या भिंतीवर खुंटीला एक निळा फवारणीचा पंप टांगलेला होता. सेनोबियानं त्याच्याकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलंच. याच पंपाचे पट्टे तिच्या लेकाच्या खांद्यावर होते, जेव्हा तो रोजानं याची शेतं फवारता फवारता बांधावर बसला आणि उठला नाही. जानेवारीत तीन वर्षं होतील.

"पट्टे बघितलेस?" तिनं विचारलं.

"बघितले. आणि तुम्ही मला ओळखता. मी केलं असतं तर ट्रॅक्टर घातला असता. तासाभरात सपाट. असा उंदरासारखा भोकं पाडत बसलो असतो का?"

"मग ट्रॅक्टर का नाही घातलास?"

"बघा! विचारायची पद्धत बघा!" त्यानं हातातला फाळ खाली ठेवला. "तेल कुठंय? दहा दिवस खाली रस्त्यावर टायर जाळून बसले होते लोक. डिझेल नाही, गॅस नाही, साखर नाही. एक गाडी वर चढली नाही. काय, एक गाढव चढलं नाही! टाकी बघा हवं तर. आत कोळी जाळं विणतोय."

तिनं बघितलं. टाकी कोरडी होती, आणि ट्रॅक्टरच्या चाकांखाली वाऱ्यानं वाळूचे छोटे ढीग लावले होते. चाकं हललेली नव्हती.

"पण तुझं कामच झालं," ती म्हणाली. "मोजणी नाही, पुरावा नाही. रविवारी वीलापांपा तुझी."

हिलारियोननं तिच्याकडं जरा वेळ बघितलं. मग त्याचा आवाज एकदम मऊ झाला, जवळजवळ प्रेमळ.

"माय, ही चौकशी त्या पोरीला दाखवायला चालली आहे, होय ना? चालू द्या. मी कुणाला काही बोलणार नाही. तुमचं दुःख मला कळतं."

"कसली दाखवणूक?"

"बरं, बरं," असं म्हणून त्यानं पुन्हा फाळ घासायला घेतला. "मी काही विचारलं नाही, तुम्ही काही ऐकलं नाही."

३

जळणाचं झुडूप तेवढं गेलं होतं, औषधाचं राहिलं होतं. म्हणजे थोला जाळण्यासाठीच नेला होता. आणि चियारपातात इतकं सगळं एकदम जाळायला एकच तोंड होतं: साबिनाची भट्टी.

मेलेल्यांच्या सणाला अख्ख्या गावाचा पाव तिथं भाजला जाई. पहिल्या नोव्हेंबरला दुपारी बारा वाजता मेलेली माणसं घरी येतात, दुसऱ्या दिवशी बाराला परत जातात. तेवढ्या वेळात त्यांना जेवू घालायचं. प्रत्येक मेलेल्यासाठी पावाचं एक बाळ करायचं, त्याला चुन्याचं रंगीत तोंड लावायचं. त्यासाठी प्रत्येक घरानं आपलं पीठ आणि आपली एक मोळी भट्टीपाशी ठेवायची. आपल्या माणसाचा पाव दुसऱ्याच्या जळणावर भाजला तर त्याला परतीची वाट सापडत नाही, अशी गावाची समजूत.

साबिना राख काढत होती. राख काळी होती, तेलकट. सेनोबियानं चिमूटभर घेऊन बोटांत चोळली. डिंकाचा वास आला. लहानपणीचा, आईच्या परकराचा वास.

"यंदा भट्टी छान पेटली असेल," ती म्हणाली.

"अहो माय, काय सांगू!" साबिनाचा चेहरा उजळला. "गेली दोन-तीन वर्षं लेंड्यांवर भाजून भाजून माझी लाज गेली होती. पाव कसले, नुसते पांढरे फटक, मेलेल्यांपेक्षा मेलेले! यंदा आतून भडका असा उठला की मी म्हटलं, माझी आजीच फुंकतेय. त्रेचाळीस घरं, त्रेचाळीस मोळ्या. तुमच्या रुबेनचं बाळ तर मी माझ्या हातानं काढलं. गाल कसे लाल झाले होते!"

झाले होते. ते बाळ टेबलावर ठेवून सेनोबियानंच म्हटलं होतं:

पिठाचं माझं बाळ, चुन्याचं त्याचं तोंड,
वाऱ्या, नको मांडू बंड, बाळ चाललं.

आणि मग सण आटोपल्यावर प्रार्थना म्हणणाऱ्यांबरोबर तिनंही एक तुकडा खाल्ला होता. किती खरपूस आहे, असंही म्हणाली होती. कशावर भाजला हे तिनं विचारलं नव्हतं.

"त्रेचाळीस मोळ्या कशाच्या, साबिना?"

साबिनाचा हात थांबला. हसू मावळलं.

"थट्टा करता का गरिबाची?"

"विचारतेय."

"कशाच्या म्हणजे? सगळ्यांच्या जशा होत्या तशा." तिनं फावडं जमिनीवर आपटलं. "काल सगळं उघड, आज सगळं गुन्हा. असं असेल तर मला नका विचारू, माय. मी वाटेवरची नाही. फेलिपाला विचारा. तिचा गोठा त्या भिंतीला लागून आहे. दार कुणी उघडलं ते तिला विचारा."

"कसलं दार?"

साबिना पाठ फिरवून राख भरू लागली. रागावली नव्हती, दुखावली होती. सेनोबियाला त्या पाठीचंच भय वाटलं. चोर अशी पाठ फिरवत नाही.

कुदळ, विळा, कुऱ्हाड. प्रत्येक घराचं आपलं हत्यार. अख्खं गाव चोर होतं, आणि अख्ख्या गावाला वाटत होतं की चोरी झालीच नाही.

त्रेचाळीसांतली एक मोळी तिच्या घरची. पण ती निलगिरीची होती, सेव्हेरो म्हणाला होता, शहरातून लाकडाची गाडी आली तिच्यावरून घेतली. त्या एका वाक्याला धरून सेनोबिया फेलिपाच्या गोठ्याकडं चालू लागली. अर्ध्या वाटेत तिचे पाय आपोआप मंदावले.

कसली गाडी?

४

फेलिपाचं वय कुणालाच माहीत नव्हतं. ती स्वतः दर वर्षी वेगळं सांगे. एका लामाच्या कानाला लाल लोकरीचा गोंडा बांधत ती म्हणाली, "उशिरा आलात. मला वाटलं मंगळवारीच याल, आभार मानायला."

"कशाचे आभार, आजी?"

"मी सगळ्या गावाला सांगून आले ना! या गुडघ्यांनी. घरोघर. दार उघडलंय, मेलेल्यांसाठी उघडलंय, प्रत्येकानं एकेक मोळी आणा."

सेनोबिया खाली बसली.

"सगळं नीट सांग."

"काय सांगायचं? सणाच्या आधीचा गुरुवार. सूर्य नुकता वर आला होता. मी लामा सोडत होते. बघते तर भिंतीत वाट पडलीय. दगड उगवतीच्या बाजूला रचलेले, वर तीन पानं. मी काय परकी आहे, मला कळत नाही?"

प्रत्येकाला कळत होतं. मे महिन्यात पीक निघालं की राखलेलं शेत जनावरांना खुलं करतात. ते कुणी आपल्या मनानं करत नाही. जिलाकाता भिंतीचे दगड काढतो, उगवतीकडं रचतो, धरणीला तीन पानं देतो आणि पहिलं पाऊल स्वतः टाकतो. त्यानंतर आत जायला कुणाला काही विचारावं लागत नाही. सूर्याच्या बाजूला ठेवलेले दगड म्हणजे 'या' असं म्हणणं. मावळतीकडं ठेवले तर नुसती डागडुजी चालली आहे असं समजायचं, आत जायचं नाही. या मे महिन्यात चार शेतांचे दगड सेव्हेरोनं आणि तिनं मिळून काढले होते.

सकाळी तिनं ते दगड बघितले होते. कोणत्या बाजूला आहेत, तेही. डोळ्यांनी बघितलं होतं आणि आत येऊ दिलं नव्हतं.

"दगड कुणीही रचेल, आजी."

"रचेल. पण लाल पट्ट्यांचा काळा पोंचो, जिलाकाताची घोंगडी, यंदा गावात एकाच माणसाच्या अंगावर आहे, पोरी." फेलिपा पहिल्यांदाच 'माय' म्हणायला विसरली. "पहिल्या पट्ट्यात वाकला होता. पाठ माझ्याकडं. मी टोपी काढून उभी राहिले, तो जाईपर्यंत. बरं वाटलं बघ. म्हटलं, त्याचा पोर गेला, म्हणून त्याला आमच्याही मेलेल्यांची आठवण आली."

तिनं गोंड्याची गाठ मारली आणि मग सेनोबियाचा चेहरा बघितला.

"तुला माहीत नव्हतं?"

५

सेव्हेरो अंगणात लामाच्या लोकरीचा दोर वळत होता. ती समोर बसली. शालीतून पत्र्याचा तुकडा काढला आणि दोघांच्या मध्ये ठेवला. लाल, वाकडा 'एक'.

"निलगिरी कुठून आणलीस?"

"सांगितलं ना. गाडीवरून."

"दहा दिवस एक गाडी वर चढली नाही."

दोर वळायचा थांबला. अंगणात वारा शिरला. पूर्वी हा वारा अंगणात पोचेपर्यंत दमलेला असे. आता वाळू घेऊन येई.

"एकच मोळी," सेव्हेरो म्हणाला. "कडेची. मोजून अकरा झुडपं."

"रुबेननं नंबर लावलेल्या पट्ट्यातली."

"त्याच्याच पट्ट्यातली घ्यावी असं वाटलं. दुसऱ्याची कशी घेऊ?" त्यानं तळहाताकडं बघितलं. बोटांच्या भेगांत डिंक अजून काळा होता. "हे तिसरं वर्ष, सेनोबिया. तीनदाच तो घरी येतो. मग निरोप. मागच्या वर्षी त्याचं बाळ आतून कच्चं निघालं. पोटात ओलं पीठ होतं. तू बघितलंस ना? मी वर्षभर तेच बघत होतो. शेवटच्या वाटेलाही लेकराला कच्चा पाव बांधून देऊ?"

"मग रात्रीच्या अंधारात जायचंस. चोरासारखा."

"मी चोर नव्हतो," तो म्हणाला. मग जरा थांबून, "होतो. पण चोरासारखं कसं वागायचं ते ठाऊक नव्हतं. पोंचोशिवाय या वर्षात घराबाहेर पडायचं नाही, म्हणून घातला. आत पाऊल टाकण्याआधी धरणीला पानं दिली. आणि दगड... दगड हातांनीच रचले, मी नाही. चार शेतं उघडून तीच सवय लागली."

"आणि नंतर? बाकीचे आत शिरले तेव्हा?"

तिला खरं विचारायचं होतं ते हेच. एका मोळीनं पट्टे मेले नसते.

"दुसऱ्या दिवशी गेलो होतो, दगड परत लावायला." त्याचा आवाज इतका खाली गेला की तिला पुढं वाकावं लागलं. "सगळे आत होते. बायका, पोरं. हसत होते. कितीतरी वर्षांनी थोला कापत होते ना. मला बघून त्यांनी टोप्या काढल्या. साबिना म्हणाली, 'तात, देव तुमच्या पोराला हातावर घेवो.' काय म्हणणार होतो मी? मी चोरी केली, तुम्ही नका करू?"

"हो," सेनोबिया म्हणाली. "तेवढंच म्हणायचं होतंस."

तो रडला नाही. दोराचं टोक सुटून उलटं उलगडत गेलं आणि त्यानं ते धरलं नाही.

ती गप्प राहिली असती तर गावानं जन्मभर तिला साथ दिली असती, प्रेमानं. हिलारियोनसुद्धा. नोएमीनं वहीत 'कारण अज्ञात' लिहिलं असतं. पण अज्ञात कारणाला मुदत मिळत नाही. चुकीला मिळते, कदाचित.

"रविवारी मी बोलणार," ती म्हणाली. "तू शेजारी उभा राहा."

६

शाळेच्या अंगणात त्रेचाळीस घरं जमली. मधे कापडावर कोकाचा ढीग. सेनोबिया उभी राहिली आणि तिनं कसलीही प्रस्तावना केली नाही.

"पट्टे ट्रॅक्टरनं मेले नाहीत, टाकी कोरडी होती. लामांनी खाल्ले नाहीत. लामा कुऱ्हाड वापरत नाहीत." कुणीतरी हसलं. "जळणाचं तेवढं गेलं, औषधाचं राहिलं. साबिनाच्या राखेला डिंकाचा वास आहे. त्रेचाळीस घरांनी त्रेचाळीस मोळ्या नेल्या, आणि कुणी चोरून नेली नाही, कारण दगड उगवतीकडं होते. पण सभेनं पट्टे उघडले नव्हते. मीही नाही. आणि माझ्याशिवाय उघडलेलं दार अर्धं असतं, ते दार नसतं. माझ्या घरी निलगिरीची मोळी आली, असं मला सांगितलं गेलं. रस्ता बंद असताना. तुमच्या जिलाकातानं लेकाच्या पावासाठी एक मोळी चोरली, आणि त्याच्या हाताच्या सवयीला तुम्ही हुकूम समजलात."

सेव्हेरोनं टोपी काढली. "खरं आहे," तो म्हणाला. "आणि दुसऱ्या दिवशी मी बघितलं आणि बोललो नाही. तेही लिहा."

फेलिपा तोंडावर हात धरून बसली होती.

रीत होती तसं दोघं गुडघ्यांवर बसली. गावातल्या सगळ्यांत वृद्ध माणसानं सेनोबियाच्याच खांद्यावरचा चाबूक घेऊन तीन फटके त्याला मारले, तीन तिला. हलके मारले. ते हलके होते म्हणूनच जास्त लागले.

मग तिनं तशीच बसून मागितलं. "चार वर्षं द्या. मुळं जिवंत आहेत. चूक झाली ती चार वर्षांत भरून येईल. तोवर वीलापांपा बंद ठेवा."

नोएमीनं उठून पाच वर्षांचे आकडे वाचले. कोणत्या शेतात किती अळ्या, किती वेळा फवारा. लोकांनी ऐकलं. काहींनी मान हलवली. हिलारियोन उठला तेव्हा त्याच्या आवाजात जिंकल्याचा सूर नव्हता, आणि तेच सगळ्यांत वाईट होतं.

"आकडे खरे असतील, इंजिनियरबाई. मी नाही म्हणत नाही. पण मला एक सांगा, माय. पुढच्या वर्षी मेलेले येणार नाहीत का? पाव लागणार नाही का? या गावातला सगळ्यांत भला माणूस आपल्या लेकासाठी थोला कापल्याशिवाय राहू शकला नाही. मग आम्ही कोण? चार वर्षं राखायचा, आणि कुणाच्या तरी पहिल्या वर्षाला, कुणाच्या तरी तिसऱ्या वर्षाला तो जाणारच. त्यापेक्षा किन्वा तरी लावू. निदान पोरं जगतील."

"तुझ्या किन्वात जगतील?" सेनोबिया म्हणाली.

तो खाली बसला. हात वर झाले. मुदतीसाठी बारा, नांगरासाठी एकतीस. नांगरासाठी वर गेलेल्या हातांत साबिनाचा होता. तिच्या बोटांना अजून राख होती.

सभा उठल्यावर नोएमी वही घेऊन तिच्याशेजारी बसली.

"शेवटचा रकाना आहे, माय. नुकसानीचं कारण. काय लिहू?"

सेनोबियानं त्या रिकाम्या रकान्याकडं बघितलं.

"पाव," ती म्हणाली.

नोएमीनं लिहिलं, आणि वही बंद केली. दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं ती गेली.

७

वीलापांपा उघडायची होती, आणि उघडायचं काम जिलाकाता आणि त्याच्या बायकोचं. वर्षाचे दोन महिने उरले होते. फटके खाल्ले म्हणून गादी सोडता येत नाही.

डिझेल आलं होतं. हिलारियोनचा ट्रॅक्टर भिंतीबाहेर धडधडत उभा होता, मागं सगळं गाव. भिंतीपलीकडं थोला होता, नजर पोचेल तिथवर. सकाळच्या वाऱ्यात त्यानं एकदम पाठ फिरवली, जशी रोज फिरवत असे.

दोघं दगड काढू लागली. सेव्हेरो काढी आणि तिच्या हातात देई. पहिला दगड तिनं घेतला आणि मावळतीकडं ठेवला. दुसराही. तिसराही.

मागची कुजबुज थांबली. फट माणूसभर रुंद झाली, मग गाडीभर. कुणी पाऊल पुढं टाकलं नाही. दगड मावळतीकडं होते. हिलारियोननं इंजिन बंद केलं. थोलातून येणारा वारा पहिल्यांदा नीट ऐकू आला. सेनोबियाला वाटलं की आता कुणी काही बोललं नाही, कुणीच काही बोललं नाही, तर संध्याकाळपर्यंत आपण सगळे असेच उभे राहू, आणि उद्याही.

सेव्हेरोनं तिच्याकडं बघितलं. त्याच्या डोळ्यांत तिच्यासाठी इतकी माया होती की तिला पुढचं कळलं.

"सभेनं ठरवलंय," तो हळू म्हणाला. "मी एकदा सभेला विचारल्याशिवाय उघडलं. आता सभेला न विचारता बंद कसं करू?"

तो वाकला. पहिला दगड उचलून त्यानं उगवतीकडं नेऊन ठेवला. मग दुसरा. मग तिसरा. तिनं त्याला अडवलं नाही. शेवटचा दगड जड होता, तेव्हा त्याचं एक टोक तिनंच धरलं.

त्यानं पिशवीतून तीन पानं निवडली, अखंड, न चिरलेली, आणि वरच्या दगडावर ठेवली. खडा ठेवायला त्याचा हात गेला, तेवढ्यात गावामागून, नांगरलेल्या रानावरून वारा आला. त्याला वाटेत अडवणारं काही नव्हतं. पानं गेली.

मागं ट्रॅक्टर सुरू झाला. सेव्हेरो पिशवीत आणखी पानं शोधत होता.